आधी बसून हिशेब

वाचन : २ राजे २०:१-७, लूक १४:२५-३३



आमच्या मंडळीतील एका वयस्क बंधूंना प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग असल्याचे कळले. आम्ही प्रार्थनेस त्यांच्या घरी गेलो, तेव्हा मुलगा म्हणत होता, उद्याच ऑपरेशन करून टाकू. मंडळीतलेच एक भाऊ म्हणत होते, विश्वास असेल तर सुरी लावूच देऊ नका. ते स्वतः गप्प होते. आम्ही निघालो तसे दारापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, "डॉक्टर म्हणतात, घाई नाही, विचार करून सांगा. पण विचार करीत बसलो तर तो अविश्वास ठरेल काय?"

बुरूज बांधू पाहणारा आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, असे प्रभूने सांगितले. तो दाखला शिष्यपणाच्या किमतीविषयी आहे, हे खरे. पण बसून हिशेब करण्याला प्रभूने नावे ठेवली नाहीत. हिज्कीया राजा मरणास टेकला, भिंतीकडे तोंड करून रडला, देवाने त्याला पंधरा वर्षे दिली. आणि तरीही यशयाने गळवावर अंजिरांचा लेप लावावयास सांगितलाच. आसा राजाचा दोष वैद्यांकडे गेला हा नव्हता, फक्त वैद्यांकडेच गेला हा होता.

मग हिशेब कशाचा? हा रोग पुष्कळदा सावकाश वाढतो. ब्रिटनमध्ये रोग ग्रंथीपुरताच असलेल्या १६४३ पुरुषांचा पंधरा वर्षे मागोवा घेतला गेला व निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला. काहींवर शस्त्रक्रिया, काहींना किरणोपचार, काहींवर नुसती नजर. तिन्ही गटांत या रोगाने दगावले ते शंभरात सुमारे तीनच. मात्र नुसती नजर ठेवलेल्यांत रोग पसरण्याचे प्रमाण सुमारे दुप्पट होते. उलट शस्त्रक्रियेनंतर लघवीवरचा ताबा जाणे, वैवाहिक संबंधात अडचण येणे, हे पुष्कळांच्या वाट्यास येते. नजर ठेवणे म्हणजे विसरणे नव्हे; पी.एस.ए.ची रक्ततपासणी ठरल्या वेळी करावीच लागते. आणि रोग जोराचा असेल किंवा हाडांत गेला असेल, तर थांबण्याची ही मोकळीक नसते. तेथे उपचारास उशीर करू नये.

यातले निम्मे प्रश्न आपण पुरुष तोंडातून काढीत नाही. हे बंधूही पत्नीजवळ बोलले नव्हते. आम्ही एवढेच सुचविले की, पुढच्या खेपेस बाईंना बरोबर न्यावे. जे त्यांना विचारवेना, ते बाईंनी डॉक्टरांना सरळ विचारले. दोघांनी घरी येऊन प्रार्थना केली, आठवडाभर बोलले, आणि तूर्त नजर ठेवावयाचे ठरविले. ज्या भावांनी सुरी नको म्हटले होते त्यांना आपला विजय वाटला, मुलगा रुसला. दोघांनाही आम्ही सांगितले की, निर्णय त्यांचा होता, तुमचा नव्हे.

पुढची तपासणी येत्या सोमवारी आहे. या वेळी शब्बाथ शाळेचे एक शिक्षक रजा काढून दोघांसोबत जाणार आहेत, कारण रिपोर्ट हाती येईपर्यंत त्या बाकावरचा वेळ फार लांबतो.