घटपर्णीचं पाप कुणाच्या माथी?

वाशिम जिल्ह्यातलं शिरपूर हे अंतरिक्ष पार्श्वनाथांमुळे जैनांचं तीर्थ. अहिंसेच्या या गावात एक आडवा प्रश्न विचारावासा वाटतो: झाडच किडे खात असेल तर?

जैन विचारात वनस्पती एकेंद्रिय, फक्त स्पर्श जाणणारी. मुंगीला इंद्रियं तीन, माशीला चार. मेघालयातली घटपर्णी ही उतरंडच उलटी करते. निकस मातीत न मिळणारं नत्र ती आपल्या पानांच्या सुरईत बुडालेल्या मुंग्यांतून मिळवते.

जैनांचा ग्रंथ तत्त्वार्थसूत्र हिंसेच्या व्याख्येत प्राणहरणाला प्रमादाची, म्हणजे बेसावधपणाची, जोड देतो. मग सवाल झाडापेक्षा ते हौसेनं लावणाऱ्याकडे वळतो. तो केसासारखं बारीक बी ओल्या शेवाळावर भुरभुरतो, उजेडात ठेवतो, आणि वाट बघतो. किडा त्यानं टाकला नाही, तरी रोपाच्या पहिल्या खऱ्या पानांनाच इवली सुरई लागते.