टपकतं तिथे गळत नसतं

आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय 2, श्लोक 62-63



बाबांची 2003 ची हिरो होंडा स्प्लेंडर मी मागे इंजिनकामाला दिली होती. बोअर, नवा पिस्टन, रिंगा, पॅकिंग, सगळं नवीन. गाडी मस्त चालू झाली. मग एका गुरुवारी सोलापूरहून हळूहळू अक्कलकोटला जाऊन स्वामींचं दर्शन घेतलं आणि फोटो स्टेटसला टाकला, "बाबांची गाडी पुन्हा रस्त्यावर!" दर दहा मिनिटांनी किती जणांनी बघितलं ते मोजत होतो. तेवढ्यात मित्राचा मेसेज आला, "भावा, खाली तेल सांडलंय बघ."

डोकंच फिरलं. गॅरेजवर जाऊन चार गिऱ्हाइकांसमोर चाचांना बोललो, "एवढे पैसे घेता, पॅकिंग नीट बसवता येत नाही?" वीस वर्षं बाबांची गाडी सांभाळणाऱ्या माणसाला! चाचा एवढंच म्हणाले, "तेल टपकतं तिथे गळत नसतं, बेटा. आधी पुसून बघ."

रविवारी इंजिन डिझेलने धुतलं, कोरडं केलं, वरून टाल्कम पावडर मारली. दहा किलोमीटर फिरवून टॉर्च घेऊन बसलो. वाऱ्याने तेल मागे जातं आणि वजनाने खाली उतरतं. म्हणून सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला ठिपका शोधायचा. खालून माग काढत वर गेलो, तर पोचलो टॅपेटच्या झाकणावर. ते झाकण अक्कलकोटच्या आदल्या आठवड्यात व्हिडिओ बघून मीच उघडलं होतं. जुनी, कडक झालेली ओ-रिंग मीच परत बसवली होती. आणि हे मी साफ विसरलो होतो.

ऑफिसमध्ये आपल्याला हे पाठ असतं. एरर एका ओळीत दिसते, बग भलतीकडेच असतो. हे दोन श्लोक तसेच वाचून बघा. विषयांचं ध्यान, त्यातून संग, संगातून काम, कामातून क्रोध, क्रोधातून संमोह, मग स्मृतिभ्रंश, बुद्धिनाश आणि शेवटी सर्वनाश. क्रोध या साखळीत मध्ये आहे. आपण तिथेच फडकं लावतो, "राग आवरला पाहिजे." पण गळती वर असते. माझी गळती स्टेटस मोजण्यात होती. आणि स्मृतिभ्रंश म्हणजे काहीतरी फार मोठं, असं मला वाटायचं. स्वतःच्या हाताने उघडलेलं झाकण न आठवणं, हाही तोच.

नवी ओ-रिंग चहाच्या पैशात आली. गळती बंद. मनात आलं, एवढ्याशा गोष्टीची माफी काय मागायची? फोनवर "सॉरी चाचा" म्हणू, बास. पण थेंब लहान म्हणून सोडला, तर तेलाची पातळी उतरत जाते आणि नवं इंजिन घासतं. शब्दाचंही तसंच. शिवाय मी बोललो होतो सगळ्यांसमोर. एकांतातली माफी म्हणजे टपकलेलं पुसणं झालं. गळती तशीच राहते.

संध्याकाळी गर्दीच्या वेळी गेलो. मोठ्याने म्हणालो, "चाचा, चूक माझी होती. तुमचं काम चोख आहे." चाचा हसून म्हणाले, "चहा घे." त्या दिवशी मान खाली घालून बसलेला गॅरेजमधला पोरगा आज चाचांकडे बघत होता. मी ओरडलो तेव्हा त्यालाही लागलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

आजचा अभ्यास : शेवटचा राग आठवा. तिथून एकेक पायरी वर जा. सगळ्यात वरचा ओला ठिपका कुठे आहे?

राम कृष्ण हरी 🙏