घराची दिशा आणि घराचा कठडा

मीरा-भाईंदरास चाकरीनिमित्त राहावयास गेलेल्या आपल्या कित्येक कुटुंबांच्या घरी हसऱ्या बुद्धाची मूर्ती, तोंडात नाणे धरलेला तीन पायांचा बेडूक व दारावर टांगलेल्या किणकिणत्या नळ्या दृष्टीस पडतात. हा चीन देशातील फेंगशुईचा प्रकार होय. त्या नावाचा अर्थ वारा व पाणी असा आहे. ख्रिस्ती मनुष्याने तो पाळावा काय?

खिडकी उघडून वारा व उजेड आत घेणे, अडगळ काढणे, यांत पाप नाही. ते शहाणपण आहे. परंतु बेडकाचे तोंड कोणीकडे आहे यावर आपली भाकर अवलंबून आहे असे मानणे, म्हणजे ज्या भयातून प्रभूने आपणांस सोडविले त्याचे दास्य पुन्हा पत्करणे होय.

मोशेच्या नियमशास्त्रात (अनुवाद २२:८) नव्या घराविषयी आज्ञा आहे. तीत दाराची दिशा सांगितली नाही. कोणी पडून मरू नये म्हणून धाब्यास कठडा करण्यास सांगितले आहे. एप्रिल २०१३ मध्ये याच ठाणे जिल्ह्यात शीळफाट्याजवळ बेकायदा बांधलेली इमारत कोसळून ७४ माणसे मेली. त्यांस दिशेने नव्हे, कच्च्या बांधकामाने मारिले.

यास्तव उपदेशक बंधूंनी घरभेटीच्या वेळी मूर्ती काढा एवढेच सांगू नये. वृद्ध सासूस पोटभर अन्न मिळते काय, मोलकरणीची मजुरी वेळेवर दिली जाते काय, हेही विचारावे. ज्या घरात दुर्बळास कठडा आहे, त्याच घरी देवाचा आशीर्वाद वस्ती करितो, असे आम्हांस वाटते.