भांडणाआधी झाकण

हवाईतल्या ओआहू बेटावर डोंगराच्या पायथ्याशी एका आजीची अळूची खाचरं होती. आपल्या कोकणात असतो तसा पाट. ओढ्याचं पाणी एका खाचरातून दुसऱ्यात उतरे आणि पुन्हा ओढ्याला मिळे. तिथे अळूला कालो म्हणतात. कंद शिजवून, कुटून, पाणी घालून त्याची पोई करतात.

आजी नातीला सांगे, "देवाचं पहिलं मूल जन्मतःच गेलं. त्याला पुरलं तिथे कालो उगवला. दुसरं जगलं, तो आपला मूळपुरुष. म्हणजे कालो आपला थोरला भाऊ. तो आपल्याला पोसतो, आपण त्याला जपायचं."

म्हणून पोईचं भांडं उघडं असताना त्या घरात कुणी आवाज चढवत नसे.

पण पाऊस लहरी झाला. ओढा रोडावला की खाचरातलं पाणी तापे आणि कालोला कूज लागे. नातीने एक कंद उपटला, तर तो हाताला लिबलिबीत लागला.

2022 च्या जूनमध्ये हवाईतल्या काही मुलांनी राज्याच्या वाहतूक खात्यावर दावा लावला. त्यांत मूळ हवाईयन मुलं होती, कालो पिकवणाऱ्या घरांतलीही. निसर्गसंपत्ती पुढच्या पिढ्यांसाठी राखायची, असं राज्यघटना सांगते आणि खातं मात्र हवामान बिघडवणारा मोटारींचा धूर वाढू देतं, ही त्यांची तक्रार.

आजीच्या घरी रात्री जेवताना या दाव्याचा विषय निघाला. मामा रस्त्याच्या कामावर होता. तो उसळला, "आता पोरं सरकारला कोर्टात खेचणार?" नातीच्या ओठांवर उत्तर आलं होतं, पण पोईकडे बघून तिने ते गिळलं.

आजीने भांड्यावर झाकण ठेवलं. "आता बोला. थोरल्यासमोर भांडू नये. पण त्याच्यासाठीही भांडायचं नाही, असं कुणी सांगितलं?"

"गाडीशिवाय तू शाळेत कशी जाशील?" मामाने विचारलं.

"तेच तर ती मुलं विचारताहेत! बस कुठेय?"

दावा फेटाळावा, अशी राज्याने विनंती केली. एप्रिल 2023 मध्ये न्यायालयाने ती नाकारली: हानी उद्याची नाही, आज होते आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये माउई बेटावरचं लाहैना गाव वणव्यात जळालं. सुनावणीला चार दिवस उरले असताना, 20 जून 2024 ला, तडजोड जाहीर झाली. 2045 पर्यंत वाहतुकीतून होणारं उत्सर्जन शून्यावर आणायचं, चार्जिंगच्या सोयीसाठी 2030 पर्यंत किमान 4 कोटी डॉलर खर्चायचे, खात्याला सल्ला द्यायला तरुणांचं मंडळ नेमायचं. मला यात सगळ्यांत मोलाचं वाटतं ते वेगळंच कलम: न्यायालयाची देखरेख 2045 पर्यंत चालू राहू शकते. आश्वासनं विसरली जातात. देखरेख असली की विसरता येत नाहीत.

बातमी वाचून मामा म्हणाला, "म्हणजे चार्जिंगच्या खांबांसाठी चर आमच्याच टोळीने खणायचे."

"मग उद्याच सुरू करा," नात म्हणाली.