वाल्या कोळ्याचे सात रांजण

॥ श्री येमाईदेवी प्रसन्न ॥

कवठे येमाई (ता. शिरूर, जि. पुणे) येथील देवीच्या नावाची फोड भाविक ‘ये, माई’ अशी करतात. ही लेकराची हाक आहे. हाक मारणारा कोण, कोठला, त्याच्या हातून काय घडले, हे माता विचारीत नाही. परंतु हाक मारणाऱ्याने मात्र आपल्या कर्माकडे एकवार मागे वळून पाहिले पाहिजे. हे ज्याने पाहिले, त्याचे स्मरण आपल्याच जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातील वाल्हे गावी आजही जागते आहे. परंपरेने तेथे महर्षी वाल्मीकींची समाधी मानली जाते. आषाढी वारीत श्री ज्ञानेश्वर महाराजांची पालखी जेजुरीनंतर याच गावी मुक्कामास असते.

वाल्या कोळी वाटसरूंना लुटून ठार मारी आणि दर हत्येमागे एक खडा रांजणात टाकी. असे सात रांजण भरले. एके दिवशी नारदमुनी वाटेत भेटले. त्यांनी विचारले, “हे पाप तू ज्यांच्यासाठी करतोस, ते त्यात वाटेकरी होतील काय?” वाल्या घरी गेला. लुटीचे अन्न खाणाऱ्या आप्तांपैकी एकानेही पापाचा वाटा घेतला नाही. तेव्हा त्याच्या हातातील कुऱ्हाड गळाली. मुखातून रामनाम उमटेना, म्हणून ‘मरा, मरा’ असा जप सुरू झाला आणि अंगावर वारूळ चढेपर्यंत तो चालला. ही कथा वाल्मीकिरामायणात नाही. अध्यात्मरामायणात ती निराळ्या रूपाने येते. नारदांच्या जागी तेथे सप्तर्षी आहेत. बोध मात्र एकच आहे.

भाविकहो, येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नारदांनी वाल्याकडे लुटीतील हिस्सा देवकार्यासाठी मागितला नाही. तसा तो दिला असता तरी रांजणातील एकही खडा कमी झाला नसता. दान हे पुण्यकर्म खरे. परंतु ते कष्टाच्या, निर्मळ धनाचे असावे. दुसऱ्याचे हिरावलेले ज्याचे त्याला परत करणे, हे दानपेटीत टाकण्याहून आधीचे कर्तव्य होय.

गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी आश्वासन दिले आहे की, अत्यंत दुराचारी मनुष्यही अनन्यभावाने भजू लागला, तर त्याला साधूच मानावे. कारण त्याचा निश्चय योग्य झालेला असतो. याच गीतेवर विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या कारागृहात प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. पुढे मे 1960 मध्ये चंबळच्या खोऱ्यात नामांकित दरोडेखोरांनी विनोबांच्या चरणी शस्त्रे ठेवली. त्यांनाही न्यायालयापुढे उभे राहावेच लागले. पश्चात्तापाने शिक्षा टळते असे नाही; ती सोसण्याचे बळ मात्र मिळते.

वाल्याच्या अंतःकरणात काय पालटले, याची साक्ष रामायणच देते. व्याधाच्या बाणाने क्रौंच पक्ष्यांच्या जोडीतील एक मेला, तेव्हा ऋषींचा शोक श्लोकरूपाने प्रकट झाला. ज्याला सात रांजण माणसे मारताना काही वाटले नव्हते, त्याला एका पाखराचे मरण सोसवेना. ज्याच्या भयाने वाटा ओस पडत, त्याच्याच आश्रमात वनात सोडलेल्या गर्भवती सीतामाईला माहेर लाभले. लव-कुश तेथेच वाढले.

दर्शनास येणाऱ्या प्रत्येकाच्या घरी लहानमोठा एखादा रांजण असतोच. कोणाचे शेताच्या बांधावरून भावाशी वैर, कोणी बहिणीचा हक्क डावललेला, कोणी मजुराचे पैसे अडविलेले. देवीपुढे नारळ वाढविताना त्यातील एका खड्याचे तरी स्मरण करावे आणि घरी परतल्यावर तो बाहेर काढावा. असा नवस माई सर्वांत आधी ऐकेल.

॥ शुभं भवतु ॥