सोपं पुस्तक घ्या

इंग्रजी पक्कं करायचं ठरवलेल्या माणसाच्या उशाशी पहिल्या आठवड्यात कोणतं पुस्तक आहे, ते पाहिलं की पुढचा अंदाज येतो. जाडजूड असेल, चारचौघांत नाव घेता येईल असं असेल, तर पंधरा दिवसांत त्यावर चष्म्याची डबी आणि विजेचं बिल येऊन बसतं. पुस्तक वाईट नसतं, माणूसही आळशी नसतो. फक्त ते पुस्तक आपल्या इभ्रतीला शोभेल असं निवडलेलं असतं, आपल्याला पेलेल असं नव्हे. रोजच्या वाचनाची सवय बहुतेकदा इथेच मोडते. वेळ मिळत नाही, ही सबब नंतर सुचते.

मायकेल वेस्ट हा इंग्रज शिक्षक 1920च्या दशकात ढाक्यात होता. बंगाली मुलांच्या हातातली इंग्रजी वाचनपुस्तकं त्याने तपासली, तेव्हा त्याला दिसलं की नव्या शब्दांची नुसती गर्दी आहे आणि त्यातले कितीतरी शब्द जुनाट आहेत. मग त्याने सोप्या शब्दांतली नवी पुस्तकं तयार केली. नवे शब्द दूर दूर ठेवले आणि एकदा आलेला शब्द पुढे पुन्हा पुन्हा भेटेल, अशी सोय केली. विम्यातली एक संज्ञाही त्याने शिक्षणात आणली, सरेंडर व्हॅल्यू. पॉलिसी मध्येच बंद केली तरी काही रक्कम हातात पडते. तसं भाषेचं शिक्षण अर्ध्यावर सुटलं, तर मुलाच्या पदरात काय उरतं? ढाक्यातली बरीच मुलं शाळा मध्येच सोडत, त्यामुळे हा प्रश्न नुसता तात्त्विक नव्हता. वेस्टचा कौल वाचनाकडे होता. मला तो आजही पटतो. बोलायला समोर कुणीतरी लागतं, वाचायला कुणी लागत नाही.

पुस्तक किती सोपं असावं, याला पुढे न्यूझीलंडचे पॉल नेशन आणि इतर अभ्यासकांनी आकडा दिला. कुणाच्या मदतीशिवाय नीट समजून वाचायचं, तर मजकुरातले साधारण 98 टक्के शब्द ओळखीचे हवेत. 250 शब्दांचं पान धरलं, तर अनोळखी शब्द पाच. वाचताना अडलं की एक बोट दुमडायचं. पान संपायच्या आत दुसऱ्या हाताची बोटं दुमडायला लागली, तर ते पुस्तक सध्या कपाटात जाऊ द्यावं. त्यात कमीपणा काही नाही.

पण हा कमीपणाच आपल्याला छळतो. पुण्यातल्या अभ्यासिकांमध्ये सकाळी सकाळी इंग्रजी दैनिकाचा अग्रलेख उघडून, हायलायटर घेऊन बसलेली मुलं दिसतात. परीक्षेसाठी ते लागत असेल, नाही म्हणत नाही. पण अग्रलेखाला मागचा संदर्भ माहीत असावा लागतो, वाक्यं घट्ट विणलेली असतात, आणि मुलगा दमतो तो भाषेने की विषयाने, हे त्याचं त्यालाच कळत नाही. त्यापेक्षा शेवटून सुरुवात करावी, खेळाच्या पानाने. सामना रात्री डोळ्यांनी पाहिलेला असतो. कोण कसा बाद झाला, कुठल्या षटकात सामना फिरला, कप्तान का वैतागला, सगळं ठाऊक असतं. उरते ती फक्त भाषा.

हीच युक्ती पुस्तकांनाही चालते. हेमिंग्वेच्या ‘द ओल्ड मॅन अँड द सी’चा पु. ल. देशपांड्यांनी ‘एका कोळियाने’ हा अनुवाद केला. आधी तो वाचावा, मग मूळ पुस्तक. म्हातारा, होडी, मासा सगळे ओळखीचे झालेले असतात आणि हेमिंग्वेचं वाक्यही आखूड. आर. के. नारायण यांचं ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ 1935चं, पण सोमवारी सकाळी शाळेत जायचा स्वामीचा कंटाळा शिळा झालेला नाही. दूरदर्शनवर ‘मालगुडी डेज’ पाहिलेल्यांना तर तो पोरगा नुसता आठवत नाही, दिसतो. दुर्गाबाई भागवतांनी थोरोचं ‘वॉल्डन’ मराठीत आणलं आहे, ते जरूर वाचावं. मूळ ‘वॉल्डन’ला मात्र घाईने हात घालू नये. थोरो सावकाश चालतो आणि वाटेत फार थांबतो.

सोप्या पुस्तकांनी वरच्या पायरीचं इंग्रजी कसं यायचं, अशी शंका येते. रास्त आहे. पण वरच्या पायरीचं इंग्रजी म्हणजे अवघड शब्दांचा साठा, हा समज काही खरा नाही. मुसळधार पावसाला इंग्रजीत ‘हेवी’ म्हणतात आणि कडक चहाला ‘स्ट्राँग’. उलटं करून चालत नाही. का, याला नियम नाही. कोणता शब्द कोणाशेजारी बसतो, हे शेकडो वेळा नजरेखालून गेलं की कानाला आपोआप कळायला लागतं, मराठीत आपल्याला कळतं तसं. शब्द पाठ करण्याच्या वहीत शब्द एकटे असतात. तिथे ही शेजारओळख होत नाही. म्हणून वाचताना दर दोन ओळींनी शब्दकोश उघडू नये. तोच शब्द तिसऱ्यांदा आडवा आला आणि अजूनही अडला, तर खुशाल पाहावा.

आता रोजचा हिशोब. पंधरा मिनिटं, मिनिटाला 120 शब्द, अशी रमतगमत गती धरली तरी दिवसाला 1800 शब्द होतात. ऑर्वेलचं ‘अ‍ॅनिमल फार्म’ साधारण 30 हजार शब्दांचं आहे, सतरा दिवसांत हातावेगळं होतं. वर्षातले पासष्ट दिवस लग्नकार्यांत, आजारपणात आणि निव्वळ कंटाळ्यात गेले असं धरलं, तरी उरलेल्या तीनशे दिवसांत 5 लाख 40 हजार शब्द डोळ्यांखालून जातात.

बुडालेल्या दिवसांचं फार मनाला लावून घेऊ नये. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा सवयींवरचा अभ्यास 2010मध्ये प्रसिद्ध झाला. सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागल्याचं त्यात दिसलं. कुणाला 18, तर कुणाला 254 लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने मात्र फारसं बिघडलं नाही. त्या अभ्यासातली मंडळी नवी सवय रोजच्या एखाद्या ठरलेल्या गोष्टीला जोडत होती. आपल्याकडे अशा गोष्टींना तोटा नाही. चहाचं आधण ठेवल्यावर, मुलांची रिक्षा गेल्यावर, किंवा कल्याणला गाडीत जागा मिळाल्यावर. उभ्यानेच जावं लागत असेल तर पुस्तक पातळ हवं, एका हातात मावणारं. हेमिंग्वेचं मावतं.

लिहिताना पुढे काय येणार हे माहीत असतानाच हेमिंग्वे दिवसाचं काम थांबवत असे. वाचणाऱ्यानेही प्रकरण संपवायचा हट्ट न धरता ऐन रंगात आलं असताना खूण घालून पुस्तक मिटायला हरकत नाही. दुसऱ्या दिवशी ते उघडायला स्वतःची मनधरणी करावी लागत नाही.

आणि विकत घेतलेलं पुस्तक शेवटपर्यंत वाचलंच पाहिजे, हे ओझं तर कुणीच घेऊ नये. त्यासाठी वाचनालय बरं, नाही आवडलं की परत. तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात इंग्रजीचं कपाट लहानसं असतं आणि त्यातली सोपी पुस्तकं बहुधा बालविभागात असतात. तिथून खुशाल न्यावीत. काउंटरवर कुणी वर पाहिलंच, तर भाच्यासाठी नेतोय म्हणावं.