जातमुचलका

‘जातमुचलका’ हा शब्द कोर्टाच्या कागदावर पहिल्यांदा वाचला तेव्हा माझा चांगलाच घोटाळा झाला. मला वाटलं, आरोपीच्या जातीबद्दलच काहीतरी लिहून घेत असावेत. वकील हसले. ही जात वेगळी, म्हणाले. ‘साहेब जातीने हजर होते’ म्हणतो ना, ती जात. अरबी-फारसीतून आलेली, जात म्हणजे स्वतः. तारखेला येईन, नाही आलो तर अमुक रक्कम भरीन, असं आरोपीने स्वतःच्या नावाने लिहून द्यायचं, तो जातमुचलका.

कागद होता आमच्या गल्लीतल्या गवंड्याच्या मुलाचा. गल्ली पडेगावातली. (उसाच्या संशोधनासाठी नावाजलेलं ते पाडेगाव सातारा जिल्ह्यातलं. आमचं बिनकान्याचं, छावणी ओलांडून दौलताबादच्या रस्त्याला लागलं की येणारं.) मुलगा बाविशीचा. चोरीची दुचाकी चालवताना सापडला. त्याने चोरली की कुणाकडून स्वस्तात घेतली, याचा निकाल लागायचा आहे आणि तो लावणं माझं काम नाही. आधी पीसीआर, मग एमसीआर, म्हणजे पोलीस कोठडी आणि नंतर न्यायालयीन. शहराच्या दुसऱ्या अंगाला हर्सूलचं मध्यवर्ती कारागृह आहे, तिथे तो गेला. जामीन तसा लवकर झाला. हुकूम होता, 15 हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार. पोराला मोकळं सोडण्याचा हुकूम लेखी झाला त्या दिवसापासून पोरगा बाहेर येईपर्यंत 41 दिवस गेले.

हे 41 दिवस कुठे गेले, ते मी जवळून पाहिलं.

बापाचं घर आहे. पत्र्याचं नाही, स्लॅबचं. स्वतःच्या हाताने बांधलेलं. पण आमच्याकडची निम्मी घरं उभी आहेत तसल्या प्लॉटवर ते उभं आहे. शेतकऱ्याकडून एजंटाने जमीन घेतली, वीस बाय तीसचे तुकडे पाडले आणि शंभराच्या स्टॅम्पवर लिहून दिले. याला आमच्याकडे ‘बॉण्डवरचा प्लॉट’ म्हणतात. अशा वस्त्यांसाठी 2001 मध्ये गुंठेवारीचा कायदा झाला, 2021 मध्ये त्याची मुदत वाढली, तरी रक्कम भरून घर नियमित करून घेणं प्रत्येकाला जमलेलं नाही. बापाने तो घडी पडून चिरलेला बॉण्ड प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढला आणि टेबलावर ठेवला. कारकुनाने तो उलटसुलट केला आणि विचारलं, “सातबारा? पीआर कार्ड? खाते उतारा?” घरपट्टीची पावती दाखवली तर ती अजून मूळ मालकाच्या नावावर निघाली. गावाकडे चुलतभावाच्या नावावर एकरभर आहे, पण त्या सातबाऱ्यावर आणखी चार नावं आणि सोसायटीचा बोजा. तहसीलमधून ऐपतीचा दाखला आणा, असं कुणी सांगितलं. ऐपत कशाच्या आधारावर लिहायची, तर पुन्हा जमिनीच्या. बाहेर चहाच्या टपरीपाशी दोन माणसं आपणहून जवळ आली. पाच हजारांत जामीनदार मिळेल म्हणाली, कागदपत्रांसकट, वर फोटोही त्यांचाच. बाप तयार होता. मी नको म्हटलं. घरी आल्यावर वाटलं, नको म्हणायला माझं काय जात होतं? आत बसलेला पोरगा माझा नव्हता.

तुरुंगातल्या गर्दीबद्दल आपण बोलतो तेव्हा डोळ्यांपुढे गुन्हेगार येतात. आकडे वेगळं सांगतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या मोजणीप्रमाणे 2022 च्या अखेरीस देशभरच्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती आणि जागा 4,36,266 जणांची. त्यातले कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकालच न लागलेले, 4,34,302. जागेचा आणि कच्च्या कैद्यांचा, हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. देशातल्या तुरुंगांतली जवळजवळ सगळी जागा कच्च्या कैद्यांनीच भरते. ज्यांच्यासाठी तुरुंग बांधले त्या शिक्षा झालेल्यांना तिथे दाटीवाटीने शिरावं लागतं. महाराष्ट्रात तर सुमारे 25 हजारांच्या जागेत 40 हजारांवर माणसं होती.

या गर्दीत कोण आहे? 2011 च्या जनगणनेत अनुसूचित जातींचं प्रमाण 16.6 टक्के होतं. कच्च्या कैद्यांत ते पाचात एकाच्या घरात जातं. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या विजय राघवन आणि रोशनी नायर यांनी राज्य अल्पसंख्याक आयोगासाठी महाराष्ट्रातल्या 15 तुरुंगांमधल्या 339 मुस्लिम कैद्यांशी बोलून अभ्यास केला. लोकसंख्येतल्या वाट्याच्या सुमारे तिप्पट मुसलमान तेव्हा राज्याच्या तुरुंगांत होते. त्यातले बहुतेक पहिल्यांदाच अटक झालेले, टोळीबिळीशी संबंध नसलेले, किरकोळ धंदा नाहीतर मजुरी करणारे निघाले. अभ्यास 2012 च्या सुमाराचा, पण हर्सूलला मुलाखतीच्या रांगेत एक सकाळ उभं राहिलं तर तो शिळा वाटत नाही. रांगेतल्या बायकांच्या हातातल्या पिशव्या आणि पायातल्या चपला पाहिल्या की पुरे.

अमेरिकेत हाच प्रश्न वंशाच्या नावाने मांडतात आणि तिथे त्यावर काम बरंच झालं आहे. 1961 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये व्हेरा संस्थेने एक साधा प्रयोग केला. आरोपीला पैसे भरायला लावण्याऐवजी विचारायचं, राहतोस कुठे, किती वर्षं, काम काय करतोस, घरी कोण आहे. मुळं घट्ट दिसली की शिफारस करायची आणि नुसत्या शब्दावर सोडायचं. सुटलेल्यांपैकी शंभरात दोनही जण मुद्दाम गैरहजर राहिले नाहीत. पुढे न्यू जर्सी राज्याने 2017 पासून पैशाचा जामीन जवळपास बंदच केला, आणि काही वर्षांत तिथले स्थानिक तुरुंग निम्म्याच्या आसपास रिकामे झाले. मला मात्र त्याच्या पुढचं वाक्य महत्त्वाचं वाटतं. कैदी कमी झाले, पण त्यांतलं काळ्यांचं प्रमाण सुधारणेआधी निम्म्याहून थोडं जास्त होतं, ते नंतरही तेवढंच राहिलं. गर्दी ओसरली, वाटणी तशीच.

हे वाचेपर्यंत माझी समजूत अशी होती की गर्दी कमी झाली की अन्यायही आपोआप कमी होईल. पाणी ओसरलं की खडक उघडा पडतो, तसं इथे झालं. गर्दी तुरुंगाच्या दारात ठरते; कुणाची गर्दी, हे त्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं. न्यू जर्सीत पैशाऐवजी गुणपत्रक आलं: आधीचे गुन्हे किती, तारखा किती चुकवल्या. ज्या वस्तीत पोलिसांची गाडी रोज फिरते, तिथल्या पोरांच्या नावावर जास्त नोंदी असणारच. यंत्र रंग पाहत नाही, नोंद पाहतं, आणि नोंदीत रंग आधीच मिसळलेला असतो.

आपल्याकडे या नोंदीला मोठा इतिहास आहे. 1871 मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जन्मच गुन्हा ठरवला, माणसांना हजेरी लावली, काही ठिकाणी तारेच्या कुंपणात ठेवलं. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला. म्हणून पारधी, कैकाडी, टकारी ‘विमुक्त’ झाले. मग 1959 मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला आणि हजेरीची वही नव्या पुठ्ठ्यात बांधली. आजही रात्री कुठे घरफोडी झाली की पहाटे गाडी पालावर येते. वर्तमानपत्रात ‘रेकॉर्डवरील आरोपी’ असं छापून येतं आणि आपण चहाबरोबर वाचून पान उलटतो. रेकॉर्ड सुरू कुणी केलं, हे कुणी विचारत नाही.

म्हणूनच नव्या कायद्यातल्या एका चांगल्या कलमाबद्दल मला धाकधूक वाटते. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. तिच्या कलम 479 प्रमाणे आधी कधीच शिक्षा न झालेल्या माणसाने संभाव्य कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला सोडायचं; इतरांसाठी मर्यादा निम्म्याची. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जुन्या खटल्यांनाही हे लागू केलं. पण पोटकलम वाचा. ज्याच्यावर एकाहून अधिक गुन्ह्यांचे खटले चालू आहेत, त्याला ही सवलत नाही. एका पोराला धरलं आणि तपास न लागलेल्या चार चोऱ्या त्याच्याच नावावर टाकल्या, की हे दार बंद. आणि अशा चार-चार चोऱ्या कुणाच्या नावावर जमतात, हे पालावरच्या बाईला विचारा.

या सगळ्यात जातीचा रकाना कुठे असावा आणि कुठे नसावा, हा प्रश्न मला सर्वात अवघड वाटतो. तुरुंगात झाडलोट कुणी करायची आणि स्वयंपाक कुणी, हे अनेक राज्यांच्या नियमावल्यांत जातीवरून लिहिलेलं होतं. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी 2020 मध्ये ते उघडं केलं, मग स्वतःच याचिका केली. 3 ऑक्टोबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने ते नियम घटनाबाह्य ठरवले आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितलं. योग्यच. पण रकानाच गेला तर कोण किती आत आहे, हे मोजायचं कसं? नंतर न्यायालयानेच खुलासा केला की गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीला ही बंदी लागू नाही. म्हणजे संडास कुणी धुवायचा हे ठरवण्यासाठी जात विचारायची नाही, पण अन्याय मोजण्यासाठी विचारायची. मला हे पटतं. फक्त मनात येतं, आमच्या गल्लीतल्या पोराची जात कोर्टात कुणीच विचारली नाही. विचारायची गरजही पडली नाही. कारकुनाने सातबारा मागितला. मराठवाड्यात सातबारा कुणाच्या घरात असतो आणि कुणाच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या नसतो, हे ज्याला माहीत आहे, त्याला त्या मागणीत गाळलेला रकाना वाचता येईल.

ही तक्रार नवी नाही. 1978 मध्ये मोतीराम नावाच्या मध्य प्रदेशातल्या गवंड्याचं (तोही गवंडीच!) प्रकरण न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यापुढे आलं होतं. मॅजिस्ट्रेटने 10 हजारांचा जामीनदार मागितला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भावाला नाकारलं. अय्यर यांनी हजार रुपयांच्या स्वतःच्या बंधपत्रावर, म्हणजे जातमुचलक्यावरच, मोतीरामला सोडायला लावलं. पुढच्याच वर्षी हुसैनारा खातून प्रकरण आलं आणि बिहारच्या तुरुंगांत खितपत पडलेली माणसं देशाला दिसली. 31 जानेवारी 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितलं: जामीन होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, महिन्यात जामीनदार मिळाला नाही तर कोर्टाने आपणहून अट सैल करता येते का पाहावं, स्थानिक जामीनदाराचा हट्ट धरू नये. त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांच्या जामिनासाठी 40 हजारांपर्यंतची योजना आणली. कायद्याच्या बाजूने म्हणाल तर आता उणीव फारशी नाही. आमच्या गवंड्याला यातलं एकही कुणी सांगितलं नाही, इतकंच.

इथे पैठणची आठवण येते. आमच्या जिल्ह्यातच तिथे खुलं कारागृह आहे. शिक्षा झालेले, त्यात जन्मठेपेचेही, तिथे उघड्या शेतात काम करतात. ही कल्पना आपल्याच मातीतली. औंध संस्थानाने 1939 मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची वसाहत वसवली, तिच्यावरून गदिमांनी कथा लिहिली आणि शांतारामबापूंनी 1957 मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. सहा खुनी कैदी आणि भिंत नसलेलं शेत. आपण तो चित्रपट पाहून डोळे पुसले. पण खुलं कारागृह शिक्षा झालेल्यांसाठीच असतं. खून शाबित झालेल्या माणसावर सरकार काही वर्षांनी भिंतीशिवाय विश्वास टाकतं, आणि दुचाकीच्या चोरीचा नुसता आरोप असलेल्या पोराला मात्र जमिनीच्या उताऱ्याशिवाय दाराबाहेर सोडत नाही.

माझ्यावर एक आक्षेप येईल, तो मीच घेतो. ज्याची दुचाकी गेली तोही कुणी बंगलेवाला नव्हता. हप्ते अजून चालू होते त्याचे. त्याने म्हणावं की पकडला त्याला आतच ठेवा, तर त्याला चूक कसं म्हणू? पण जामीनदाराच्या कागदाने त्याला काय मिळतं? गाडी परत मिळत नाही, खटला लवकर उभा राहत नाही. आरोपी तारखेला यावा, एवढ्यासाठीच तर तो कागद. कोविडच्या काळात, 2020 मध्ये, महाराष्ट्राने उच्चाधिकार समितीच्या शिफारशीवरून हजारो कैद्यांना तात्पुरतं सोडलं होतं. काही जण वेळेवर परतले नाहीत आणि बातमी त्यांचीच झाली. राज्य मात्र बुडालं नाही.

शेवटी एका तरुण वकील बाईंनी अर्ज देऊन जामीनदाराऐवजी रोख रक्कम मंजूर करून घेतली. पैसे गवंड्याच्या बायकोच्या बचत गटातून आणि गल्लीतल्या भिशीतून उभे राहिले. त्या महिन्यात ज्या बाईला भिशी लागणार होती, तिने आपला नंबर सोडला. पोरगा सुटला तेव्हा त्याचं कामाचं ठिकाण गेलेलं होतं. आता बापाबरोबर मिटमिट्याकडे साइटवर जातो.

तेव्हापासून चौदा तारखा पडल्या. चौदाही तारखांना तो जातीने हजर होता. साक्षीदार अजून एकदाही आलेला नाही.